टोळधाडीसाठी साठ स्टँड

टेस्टच्या तिसऱ्या दिवशी दुपारी वेल्ड फुटलं.

स्टँड टेस्ट रिगवर बांधलेला होता. रिग म्हणजे जाड लोखंडी चौकट आणि तिच्यात आडवा बसवलेला हायड्रॉलिक सिलिंडर. तो स्टँडच्या डोक्याला धक्के देत राहतो आणि शेजारचा काउंटर ते मोजत राहतो. ड्रॉइंगमध्ये जेवढे धक्के सोसायला सांगितले होते, त्याच्या निम्म्यालाही आमचा स्टँड टिकला नाही. मानेपाशी केसाएवढी चीर दिसली, मग टक् असा आवाज आला आणि डोकं एका बाजूला कललं. आमचा वेल्डर पवार हातमोजे काढून नुसता बघत उभा राहिला. बावीस वर्षांचा त्याचा हात. त्याचं वेल्ड फुटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

गिऱ्हाइकाकडून माल तपासायला आलेला मामादू खाली वाकला. चिरेवरून त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, “वेल्डमध्ये दोष नाही. धक्काच फार मोठा मागितलाय.”

हे वाक्य मी त्या दिवशी ऐकलं आणि सोडून दिलं.

मी तेव्हा चाकणच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये क्वालिटी मॅनेजर होतो. पाइप आणि प्लेटा कापायच्या, जोडायच्या, रंगवून द्यायच्या, हे आमचं काम. पस्तीस माणसं. मालक दत्तूशेठ इथलेच. ज्या शेतात त्यांचे वडील कांदा काढायचे तिथंच आमची शेड. कोविडच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मंदी होती. मोठ्या कंपन्यांनी शेड्यूल कापलं होतं, दिवसाची एकच शिफ्ट चालायची आणि ओव्हरटाइम हा शब्द पोरं विसरली होती. अशात ही एक्स्पोर्टची ऑर्डर आली. साठ स्टँड. पिकअप गाडीच्या हौद्यात बोल्टनं बसवायचे. त्यांच्यावर टोळधाडीसाठी औषध फवारायचं मशीन बसणार, असं ड्रॉइंगवर छापलेलं होतं.

माल जाणार होता पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात. देशाचं नाव लिहीत नाही. तिथं अजून काही माणसांना राहायचं आहे. ऑर्डर मात्र त्या देशाची नव्हती. ती आली होती युरोपातल्या एका ट्रेडिंग फर्मकडून. त्या देशावर साठेक वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांचं राज्य होतं, त्यांच्याच राजधानीतली फर्म. पैसेही त्यांच्याच सरकारचे, मदत म्हणून दिलेले. मदतीची अट अशी की माल शेतीसाठीच आहे हे दोन माणसांनी सही करून सांगायचं. एक बनवणाऱ्याकडचा क्वालिटीचा माणूस, म्हणजे मी. दुसरा, घेणाऱ्या देशाच्या शेती खात्याचा इंजिनिअर, म्हणजे मामादू. तो प्री-डिस्पॅच इन्स्पेक्शनला आला होता. माल निघण्याआधी गिऱ्हाइकाचा माणूस येऊन तपासतो, त्याला हे नाव.

आला होता तीन आठवड्यांसाठी. वेल्ड फुटलं म्हणून जवळजवळ तीन महिने राहिला.

शॉपमधल्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव अर्धं कापून त्याला मामा केलं. साडेसहा फूट उंच माणूस, आवाज मात्र इतका हळू की प्रेस चालू असली तर हातवारे करावे लागायचे. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. शाळेत तो जुन्या मालकांची भाषा शिकलेला. राज्यकर्त्यांना तो जुना मालकच म्हणायचा, आपण जुना घरमालक म्हणतो तसं. त्याला खोली दिली होती पिंपळे सौदागरला, आमच्याच सोसायटीत. त्यामुळं सकाळी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून तो चाकणला यायचा. मागं एवढा उंच माणूस बसला की मोशीच्या सिग्नलला आजूबाजूची माणसं आधी त्याच्याकडं आणि मग माझ्याकडं बघायची.

एका रविवारी आमच्याकडं जेवायला बोलावलं. काय करावं हे मनीषाला, माझ्या बायकोला, सुचेना. शेवटी तिनं बाजरीची भाकरी आणि दाण्याची आमटी केली. मामादूनं भाकरीचा वास घेतला आणि ताटाकडं बघत बसला. मनीषानं मला डोळ्यांनी विचारलं, काही चुकलं का? मग तो म्हणाला की त्यांच्याकडं हेच धान्य असतं, आई ते उखळात कुटते. आणि शेंगदाण्याचा हा रस्सा तर तसाच, फक्त त्यात मटण असतं. त्यानंतर दर रविवारी तो यायचा, मटण घेऊन. मनीषाला तो वहिनी म्हणायचा. ते त्याला पवारनं शिकवलं होतं. आमटीत मटण घालून खायची सवय आमच्या घराला त्याच्यामुळं लागली आणि ती अजून आहे.

एकदा त्याला देहूला नेलं. इंद्रायणीच्या घाटावर लोक माशांना लाह्या टाकत होते. एवढे मोठे मासे आणि कुणी धरत नाही, याचं त्याला फार नवल वाटलं. मी सांगितलं, इथले मासे धरायचे नाहीत अशी रीत आहे.  तो म्हणाला, आमच्या देशात नदीचे मासे परवान्यावर आहेत, आणि परवाना बाहेरच्या बोटींकडं.

असं तो मधूनमधून बोलायचा. रागानं नाही, हवामान सांगितल्यासारखं. झेंडा आमचा, म्हणायचा, पण नोटा छापल्या जातात तिकडं. खाण आमच्या जमिनीत, पण तिचा हिशोब तिकडं. बंदर तिकडच्या कंपनीला भाड्यानं. एखादा अध्यक्ष निवडून येतो आणि म्हणतो की खाणीचा करार पुन्हा वाचू या. मग वर्ष-दोन वर्षांत कुठल्यातरी छावणीत गोळ्या वाजतात, अध्यक्ष बदलतो, आणि करार न वाचता कपाटात जातो. जुने मालक पत्रक काढतात की आम्हाला चिंता वाटते. आणि म्हणतात, या लोकांना राज्य करता येत नाही.

एक गोष्ट त्यानं मोटारसायकलवर सांगितली होती, कानाशी तोंड आणून. त्यांच्या गावच्या शाळेत एक मास्तर होते. ते पोरांना सांगायचे की हिंदुस्थान नावाचा देश आहे, आपल्यासारखाच, त्यानं मालकाला घालवलं आणि आता स्वतःच्या सायकली, पंप, इंजिनं स्वतः बनवतो. ज्या दिवशी आपल्याकडं मशीन तिथून यायला लागेल, त्या दिवसापासून आपलं बरं व्हायला सुरुवात होईल. म्हणून खात्यात विचारलं की इन्स्पेक्शनला कोण जाणार, तेव्हा त्यानं हात वर केला होता.

आता त्या फुटलेल्या वेल्डकडं येतो.

माझे वडील, आप्पा, देहूरोडला लष्करी डेपोत फिटर होते. जीपगाड्या, ट्रेलर, त्यांच्यावर बसवायच्या सामानाचे सांगाडे, हे त्यांनी पस्तीस वर्षं दुरुस्त केलं. माझं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. संध्याकाळी भोंगा झाला की निळ्या कपड्यांतल्या माणसांच्या सायकलींची रांग निघायची, आणि आप्पांच्या कपड्यांना ग्रीसचा जो वास यायचा तो मला अजूनही कुठल्याही अत्तरापेक्षा बरा वाटतो. कामात कुठं अडलो की मी त्यांच्याकडं जायचो. ते तेव्हा ऐंशीच्या पुढं होते, पण नजर फिटरचीच.

फुटलेल्या मानेचा फोटो आणि ड्रॉइंग घेऊन मी गेलो. आप्पांनी चष्मा पुसला. चार रिबा दे, म्हणाले. रिब म्हणजे मानेला बाहेरून आधार देणारी तिकोनी पट्टी. माप कुठून कुठपर्यंत, तेही पेन्सिलीनं काढून दाखवलं. मग पेन्सिल एका जागी थांबली.

“हे काय आहे?”

ती स्टँडच्या डोक्यावरची एक अडवणी होती. वरचं मशीन सगळीकडं फिरतं, पण गाडीच्या केबिनकडं वळलं की त्याचं तोंड एका मर्यादेखाली जाऊ नये म्हणून तिथं एक ठोकळा. मी म्हणालो, ऑपरेटर सेफ्टी असेल. यावर फवारणीचा पंप बसतो.

आप्पा हसले. फार दिवसांनी हसले होते.

“अरे, पंपाचं तोंड केबिनकडं गेलं तर ड्रायव्हर भिजेल. मरणार नाही. पंपाला अशी अडवणी कुणी घालत नाही.” मग हसू ओसरलं. “औषधाची नळी कुठून जाते यातनं?”

नळीला जागाच नव्हती. मी हे आधी पाहिलं होतं. रंगही पाहिला होता: औषधाला टिकणारा इपॉक्सी नको, चकाकी नसलेला वाळूचा रंग हवा. आणि धक्का. पंप इतके धक्के देतच नाही. हे सगळं मी सुटं सुटं पाहिलं होतं. एकत्र करून पाहिलं नव्हतं. नाही, एकत्र करून पाहायचं टाळलं होतं.

आप्पा म्हणाले, “रिबा दे. पण आधी विचार त्यांना, वर काय बसणार. आम्ही डेपोत करत होतो ते कशासाठी आहे हे आम्हाला ठाऊक होतं. तुझ्याकडून करून घेतायत, तर निदान सांगून तरी घेऊ देत.”

आप्पांनी दोन गोष्टी सांगितल्या. मी एक घेतली.

अगदीच एक नाही. दुसरीही घेतल्यासारखी केली. आमच्या धंद्यात त्यासाठी एक सोय आहे, टेक्निकल क्वेरी. ड्रॉइंगमध्ये काही समजलं नाही तर गिऱ्हाइकाला ईमेलवर प्रश्न पाठवायचा, उत्तर आलं की ते फाइलला लावायचं आणि पुढं जायचं. मी लिहिलं: अडवणीचा उद्देश कळवावा. युरोपातला एजंट मार्सेल, गोड बोलणारा माणूस, दोन वेळा येऊनही गेलेला. त्याचं एका ओळीत उत्तर आलं. ऑपरेटर सेफ्टी. म्हणजे मी आप्पांना जे सांगितलं होतं तेच. मी क्वेरी क्लोज्ड असा शिक्का मारला.

दत्तूशेठशीही बोललो. त्यांच्या केबिनमध्ये दार लावून सांगितलं, की हा प्रकार मला बंदुकीचा वाटतो, साधी नाही, मोठी, गाडीवर लावायची. त्यांनी ड्रॉइंग उलटसुलट केलं. त्यांना ड्रॉइंग फारसं कळत नसे आणि ते तसं कबूलही करत.

“फवारणी लिवलंय का न्हाई त्याच्यावर?”

लिहिलंय, मी म्हणालो.

“मग झालं तर. आपण जॉबवर्कवालं. आपल्याला ड्रॉइंग दिसतं, देश दिसत न्हाई. उद्या पस्तीस घरं बंद पडली तर तो मार्सेल येनार हाय का चुली पेटवाया?”

शेठ वाईट माणूस नव्हते. आणि ते म्हणत होते ती आमच्या पट्ट्याची रीतच आहे. चाकण, तळवडे, भोसरी, कुठंही जा. शेडमध्ये जाऊन विचारा, हा पार्ट कुठं लागतो? नंबर सांगतील, गाडी सांगणार नाहीत, कारण त्यांनाही माहीत नसतं. हजारो माणसं आयुष्यभर असे तुकडे बनवतात की ज्यांची पूर्ण वस्तू त्यांनी कधी पाहिलेली नसते. ड्रॉइंगप्रमाणे आहे का? आहे. मग ओके. मी स्वतः किती नवख्या इन्स्पेक्टरांना हे शिकवलं असेल.

रिबा दिल्या. पवारनं त्या असल्या सुरेख जोडल्या की मण्यांची माळ वाटावी. या वेळी काउंटर पूर्ण आकड्यापर्यंत गेला आणि स्टँड हलला नाही. शॉपमध्ये पेढे वाटले. मार्सेलचा खास ईमेल आला की तुमची सुधारणा आम्ही मूळ ड्रॉइंगमध्ये घेत आहोत. तो ईमेल मी प्रिंट काढून घरी नेला. खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या नोकरीत माझं नाव ड्रॉइंगच्या कोपऱ्यात छापलं गेलं ते तेवढ्याच एका स्टँडवर.

मग सहीचा दिवस आला.

साठ स्टँड लाकडी खोक्यांत भरून तयार होते. माझ्या टेबलावर सर्टिफिकेट. वापर: शेती, टोळ नियंत्रण. खाली दोन रेघा. एका रेघेवर मी सकाळीच सही केली होती. मामादू आला, खुर्ची ओढून बसला. पेनाचं टोपण काढलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. मग उठून त्यानं केबिनचं दार लावलं.

म्हणाला, गेल्या वेळी मदतीच्या जीपा आल्या, तेव्हा दोन महिन्यांनी सरकार पडलं होतं. तेव्हाही शेती खात्याच्याच माणसानं सही केली होती. तो मामादूचा साहेब होता.

“आता मला सांग. हा स्टँड फवारणीचाच आहे ना?”

“ड्रॉइंगवर तसंच लिहिलंय.”

“ड्रॉइंग मलाही वाचता येतं. मार्सेलला मी विचारत नाही. त्यांनी आमच्या बापांना खोटं सांगितलं, आम्हाला सांगतात, ती रीतच आहे. मी तुला विचारतोय. तू बनवलास.”

बाहेर कटरचा आवाज चालू होता. मला आठवतंय, मी टेबलावरची माप घ्यायची व्हर्नियर उचलली, तिचे जबडे मिटवले, पुन्हा उघडले. मनात पस्तीस घरं होती, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. तीही होती. पण त्यांच्याबरोबर हेही होतं, की आता नाही म्हणालो तर सकाळी सही का केली हे त्याला सांगावं लागेल. मला त्याच्यासमोर लहान व्हायचं नव्हतं.

“हो,” मी म्हणालो. “फवारणीचाच आहे.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “बरं.” आणि सही केली.

जाताना विमानतळावर त्यानं मला मिठी मारली. वहिनीसाठी म्हणून बाजारातून आणलेला, त्यालाच आवडलेला एक पितळी खलबत्ता दिला. पवारला स्वतःचं घड्याळ दिलं. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं, आणि बरं वाटलं की लाज वाटते. दोन्ही एकदमच येतात.

आम्ही बौद्ध. रविवारी विहारात पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या वर्षापासून चौथ्या ओळीला माझा आवाज आपोआप खाली जातो. शेजारी बसणाऱ्यांना वाटतं, घसा बसलाय.

पुढचं थोडक्यात सांगतो. स्टँड पोहोचले आणि पिकअप गाड्यांवर चढले. एक दिवस त्या गाड्यांवर पंप बसवून मंत्र्यांचे फोटो काढले. दुसऱ्या आठवड्यात त्या राजधानीच्या रक्षक पलटणीकडं गेल्या. दोनेक वर्षांनी खाणीच्या कराराची भाषा करणारा अध्यक्ष त्या पलटणीनंच उचलला. रेडिओ स्टेशनचा रस्ता, बाजाराचा चौक, दोन्ही ठिकाणी गाड्या उभ्या होत्या. बाजारात माणसं मेली. जुन्या मालकांनी चिंता व्यक्त केली आणि नव्या सरकारशी बोलणी सुरू केली. खाण एक दिवसही बंद नव्हती. मोबाइलवर बातमीचा फोटो मी मोठा करून पाहिला. बंदुकीमागच्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता. चार रिबा दिसत होत्या.

मी मामादूला फोन केला नाही. त्याचाही आला नाही.

आला तो गेल्या वर्षी. तिथं पुन्हा सरकार बदललं होतं आणि बाजारातल्या प्रकरणाची चौकशी नेमली होती. चौकशीला पहिला कागद सापडला तो शेती खात्याच्या सहीचा. मार्सेलची फर्म बंद होऊन त्याच पत्त्यावर दुसऱ्या नावानं चालू झाली होती. तिला बोलवायचा अधिकार चौकशीला नव्हता. नाव हाताशी होतं ते मामादूचं. त्याची नोकरी गेलीच होती, आता खटला उभा राहणार होता. शेजारच्या देशात बोअरवेलचे पंप दुरुस्त करून तो राहत होता आणि गावी जाता येत नव्हतं. आई तिथं एकटी होती. त्यानं एवढंच विचारलं, की बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसानं लेखी द्यावं, मामादूनं विचारलं होतं तेव्हा त्याला काय उत्तर दिलं गेलं. देशील का?

देतो, म्हणालो. आणि तीन आठवडे दिलं नाही.

दत्तूशेठ थकले होते. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, लिहायचं तर लिही, तुला अडवणार नाही, पण कंपनीत बसून नको. आधी राजीनामा टेबलावर ठेव, मग काय लिहायचं ते घरी बसून लिही. त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. मनीषाला मी तोपर्यंत काहीच सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सगळं सांगितलं.  ती म्हणाली, “आपल्या ताटात जेवत होता तो.” एवढंच. उठून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि मामादूला फोन लावला. पत्र पाठवण्याआधी त्याला तोंडानं सांगायचं होतं. त्याच्या मागं कुठलीतरी मोटार चालू होती. त्यानं ती बंद केली.

मी म्हणालो, “मला माहीत होतं. वेल्ड फुटलं त्याच आठवड्यात कळलं होतं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो.”

 पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला.

“मलाही माहीत होतं,” तो म्हणाला. “तो धक्का बघितला तेव्हाच.”

मग मला का विचारलंस, असं मी म्हणालो. थोडं चिडूनच म्हणालो असेन.

“एकट्यानं नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. घरी जाऊन काय सांगणार होतो, की मला वाटतं? बनवणारा माणूसच म्हणतोय, असं सांगता आलं असतं तर सही न करता गेलो असतो. मी तुझ्याकडं हिंमत मागत होतो, राव.”

तो राव त्यानं आमच्या शॉपमध्ये उचललेला होता. इतक्या वर्षांनी तसाच.

मी त्याला विचारलं, मग आता पत्रात काय लिहू? तुला वाचवायचं तर तुला काहीच माहीत नव्हतं असं लिहावं लागेल. तो नको म्हणाला. “तू काय केलंस तेवढं तू लिही. मी काय केलं ते मी लिहीन.”

तसंच झालं. मी दोन पानं लिहिली, ड्रॉइंग आणि क्वेरीची प्रत जोडली. त्यानं त्याचं लिहिलं. त्याच्यावर खटला झाला नाही, कारण फसवणूक बनवणाऱ्याकडून झाली हे माझ्या पत्रावरून धरलं गेलं. नोकरीही परत मिळाली नाही, कारण त्याला शंका होती हे त्याच्या पत्रावरून धरलं गेलं. तो गावी जाऊ शकतो. आईजवळ राहतो, पंपाचं काम करतो. चौकशीच्या अहवालात जुन्या मालकांबद्दल अर्धं पान आहे आणि त्यात कुणाचंही नाव नाही. पुरवठादार म्हणून आमच्या शॉपचं आहे. मला ते अन्यायाचं वाटत नाही. त्या देशाची घडी बसू द्यायची नाही हे ठरवणारी माणसं फार लांब आणि फार मोठी आहेत, हे खरंच आहे. पण त्यांना वेल्डिंग येत नाही. ते आम्हाला येतं.

आता मी दोन-तीन लहान शॉपना क्वालिटीचं काम शिकवतो. ड्रॉइंग कसं वाचायचं, माप कसं घ्यायचं, हे सगळं पूर्वीसारखंच. शेवटी एक गोष्ट जास्तीची सांगतो, कारण न सांगता. शंका आली तर क्वेरी लिहा, ते नियमात आहे. पण त्याआधी शेजारी जो उभा असेल त्याला ती तोंडानं सांगा. बऱ्याचदा तो त्याचीच वाट बघत असतो.